घरचं धनुष्य, घरातली उपकरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बांबूचं धनुष्य घरी बनवणाऱ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. निम्मे प्रश्न लाकूडकामाचे, निम्मे "हे मोजायचं कशानं?" असे. मोजायला लागणारं जवळपास सगळं सामान घरातच सापडतं, म्हणून दोन्ही एकत्र घेतलेत. कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं) धनुष्य आणि क्रॉसबो (घोडा दाबून सोडायचं आडवं धनुष्य) इथे नाहीत. त्यांतल्या चुकीची किंमत फार मोठी असते आणि ती घरी बनवायची वस्तूही नाही.

पुढे "पाठ" म्हणजे धनुष्याची लक्ष्याकडची बाजू, "पोट" म्हणजे आपल्याकडची आणि "भुजा" म्हणजे मुठीच्या वरचा-खालचा वाकणारा भाग. "ओढ" म्हणजे दोरी किती इंच मागे खेचता ते, आणि धनुष्याचा "ताण" म्हणजे तेवढं खेचायला लागणारा जोर. तो पाउंडांत मोजतात.

१. पहिलं धनुष्य बांबूचं करू की पीव्हीसी पाइपचं?

बांबूचं. पाइपचं धनुष्य एका दुपारी होतं हे खरं, पण पीव्हीसी मोडतं तेव्हा आधी काही सांगत नाही. बांबू कुरकुरतो, त्याचा तंतू उचलला जातो, थांबायला वेळ मिळतो. पाइपचा एकदम तुकडा उडतो. उन्हात आणि थंडीत पीव्हीसी आणखी ठिसूळ होतं. ८० अंश सेल्सिअसच्या आसपास ते मऊ पडतं, म्हणून आकार देणं सोपं वाटतं. पण गॅसवर धरून जास्त तापवलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, तोही बंद स्वयंपाकघरात. करायचंच असेल तर जाड भिंतीचा नळकामाचा अखंड पाइप घ्या. वायरिंगचा पातळ पाइप नको. मुठीसाठी भोक पाडू नका, वरून पूर्ण लांबीभर कापडी टेप गुंडाळा, २५ पाउंडांच्या वर जाऊ नका आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

२. कुठला बांबू घ्यायचा? शिडीवाल्याकडचा चालेल का?

शिडीवाल्याकडे बहुधा योग्य बांबूच असतो, पण तिथे किती दिवस उन्हापावसात पडलाय ते कळत नाही. विदर्भात मानवेल सहज मिळतो, कोकणात माणगा. दोन्ही बऱ्यापैकी भरीव असतात आणि धनुष्याला भिंतीची जाडीच लागते. कटांगही चालतो, पण त्याचे काटे आणि वाकडी पेरं साफ करण्यात जीव जातो. निवडताना तीन वर्षांच्या पुढचा, पेरं लांब असलेला आणि बुंध्याकडचा तुकडा मागा. टिचकी मारल्यावर बद्द वाजला तर ठेवून द्या. पृष्ठभागावर टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर आत भुंगा आहे, तो फुकट दिला तरी नको.

शेताच्या बांधावरचा बांबू तोडायला आता वनखात्याचा अडसर नाही. २०१७ च्या दुरुस्तीनं वनाबाहेरचा बांबू भारतीय वन अधिनियमातल्या "झाड" या व्याख्येतून वगळला आहे. जंगलातला बांबू मात्र परवानगीशिवाय तोडता येत नाही.

३. बांबू वाळलाय हे कसं कळणार?

वजनावरून. बांबू उभा चिरून पट्टी काढा, तिच्यावर पेन्सिलीनं तारीख घाला आणि सामान मोजायच्या डिजिटल काट्याला टांगून वजन लिहून ठेवा. दर आठवड्याला तेच करा. सुरुवातीला वजन भराभर उतरतं, मग हळू, आणि लागोपाठ दोन-तीन आठवडे आकडा हलला नाही की पट्टी त्या हवेत जितकी वाळायची तितकी वाळली. पट्टी सावलीत, हवेशीर जागी आडवी ठेवा. घाई म्हणून गच्चीवर उन्हात टाकली की पेरापाशी चीर जाते. हिरव्या पट्टीचं धनुष्य वाकतं, पण वाकलेलंच राहतं.

४. लांबी किती ठेवू?

आधी स्वतःची ओढ काढा. दोन्ही हात फैलावून बोटांच्या टोकांमधलं अंतर इंचांत मोजा आणि त्याला २.५ नं भागा. ६६ इंच आलं तर ओढ साधारण २६ इंच. एवढ्या ओढीला मधे न वाकणारी मूठ असलेलं बांबूचं धनुष्य ६४ ते ६६ इंच, म्हणजे साडेपाच फुटांच्या आसपास ठेवावं. त्याहून आखूड केलं तर दिसायला छान, पण प्रत्येक तंतूवर जास्त ताण येतो आणि पहिल्याच धनुष्यात तो हिशेब सांभाळणं अवघड जातं. आखूडच हवं असेल तर ओढही कमी ठेवा.

५. किती पाउंडांचं करू?

मोठ्या माणसानं २० ते २५, शाळकरी मुलानं १० ते १५. "पन्नासचं करायचंय" असं लिहिणाऱ्यांना एकच सांगणं असतं: पन्नासचं ओढताना खांदा कानाला लागतो, नेम कुठेच लागत नाही.

हे ठरवण्याआधी एक गणित ध्यानात घ्या. ताण रुंदीच्या प्रमाणात बदलतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. रुंदी निम्मी केली तर ताण निम्मा होतो, जाडी निम्मी केली तर आठवा हिस्सा उरतो. जाडी नुसती दहा टक्के कमी केली तरी ताण २७ टक्के उतरतो. म्हणून मोठे बदल बाजू रंधून करायचे आणि शेवटचे हळूच पोट खरवडून. पाठीला, म्हणजे बांबूच्या बाहेरच्या चकचकीत सालीला, अजिबात हात लावायचा नाही. सगळ्यात दाट तंतू तिथेच असतात आणि ओढीचा ताण तेच पेलतात. पेराचा उंचवटा खुपतो म्हणून पॉलिश पेपर घासणाऱ्यांचं धनुष्य बरोबर त्याच पेरापाशी उचकटतं.

६. सामान मोजायच्या काट्यानं ताण नीट मोजता येतो का?

येतो, आणि या छंदातलं सर्वांत उपयोगी उपकरण तेच आहे. प्रवासाच्या बॅगेचं वजन बघायचा, ५० किलोपर्यंतचा, हूक असलेला साधा काटा पुरतो. पण तो बनवलाय स्थिर वजनासाठी. आकडा क्षणभर स्थिरावला की तो लॉक करतो, आणि नंतर दोरी आणखी ओढली तरी जुनाच आकडा दाखवत राहतो. म्हणून एका दमात पूर्ण ओढून आकडा बघायला जाऊ नका.

धनुष्याची मूठ भिंतीतल्या मजबूत खुंटीवर किंवा दाराच्या चौकटीवर ठोकलेल्या फळीवर टेकवा. काट्याचा हूक दोरीच्या मध्यावर अडकवा आणि शेजारी इंच टेप उभी चिकटवा. शून्य इंच पाठीपासून धरा. २० इंचांपर्यंत खाली ओढा, थांबा, आकडा लॉक होऊ द्या, वहीत लिहा, सोडा. मग २२, २४, २६. काट्यावर एलबी बटण असेल तर थेट पाउंड मिळतील, नसेल तर किलोला २.२ नं गुणा.

खरा फायदा पुढे आहे. हे आकडे आलेख कागदावर मांडले की धनुष्याचा स्वभाव दिसतो. दर दोन इंचांना ताण साधारण सारखा वाढत असेल तर ठीक. शेवटच्या दोन इंचांत एकदम उडी मारली तर धनुष्य त्या ओढीला आखूड पडतंय. तिथे जोर करू नका, ओढ कमी करा.

काट्यावर भरवसा नसेल तर बादली आधी रिकामी टांगा, मग लिटरच्या मापानं दहा लिटर पाणी ओतून टांगा. फरक दहा किलो यायला हवा.

७. एक भुजा जास्त वाकतेय. दुसरी घासू?

हो, कमी वाकणारी घासायची. पण आधी डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. मोबाइल भिंतीसमोर स्टँडवर किंवा पुस्तकांच्या चवडीवर लावा, धनुष्य आडवं टांगून अर्धी ओढ द्या आणि फोटो काढा. मग तो फोटो आडवा उलटवा, म्हणजे डावी भुजा उजवीकडे येईल. मूळ आणि उलटा असे दोन्ही एकामागून एक दाखवले की कुठल्या जागी बाक अडकलाय ते उघड दिसतं. भिंतीवर आधी खडूनं आडव्या रेघा मारल्या असतील तर आणखी सोपं.

जिथे वाकत नाही तिथे पोटाकडून पाच-दहा हात खरवडा. काचेचा तुकडा नको, रंध्याचं पातं उभं धरून चालतं. मग धनुष्य कमी ओढीवर वीस-तीसदा वाकवा आणि परत फोटो घ्या. हे मधलं वाकवणं लोक गाळतात. काढलेल्या लाकडाचा परिणाम लगेच दिसत नाही, भुजा "बसायला" वेळ घेते, तोवर माणूस आणखी खरवडून बसतो. जिथे जास्तच वाकतंय, म्हणजे बिजागरीसारखी घडी पडतेय, तिथे पुन्हा काहीही काढू नका. बाकी सगळीकडून काढून तिला गाठायचं.

८. हे एकट्यानं कसं करायचं? ओढायला एक आणि बघायला एक लागतो.

कपडे वाळत घालायच्या छताच्या स्टँडची कप्पी काढा. धनुष्य वर फळीवर, त्याच्या बरोबर खाली जमिनीलगत कप्पी, तिच्यातून दोरी, आणि तुम्ही सहा-सात फूट लांब भिंतीशी. दोरी ओढली की धनुष्य खाली वाकतं आणि समोरून पूर्ण दिसतं. सामानाचा काटा मधे अडकवला तर प्रश्न ६ चं कामही त्याच वेळी होतं. धनुष्य मोडलंच तर तुकडे त्याच्या सरळ रेषेत उडतात, त्यामुळे बाजूला लांब उभं राहण्याचा हा दुसरा फायदा. कप्पीचा खिळा सिमेंटमध्ये घट्ट असू द्या.

९. दोरी कशाची वळायची?

पॉलिस्टरची. धनुर्विद्येच्या दुकानात डॅक्रॉन मिळतो, तोही पॉलिस्टरच. नसेल तर चपला-बॅगा शिवायचा जाड पॉलिस्टर दोरा घ्या. नायलॉनचा पडद्याचा दोर ताणतो, त्यामुळे बाणाचा जोर दोरीच खाते. मासेमारीचा विणलेला दोरा उलट अजिबात ताणत नाही. तो वेगवान आहे, पण साध्या बांबूच्या टोकांना त्याचा झटका सोसत नाही आणि खाचा फुटतात. दोरीची एकूण ताकद धनुष्याच्या ताणाच्या चौपट तरी हवी. एक पदर किती सोसतो ते सामानाच्या काट्याला बांधून तुटेपर्यंत ओढून बघा आणि पदर मोजून घाला. मेण लावा, मधल्या सहा-सात इंचांवर दुसरा दोरा गच्च गुंडाळा. धनुष्य चढवल्यावर मुठीपासून दोरीचं अंतर सहा ते सात इंच असावं.

भिल्लांच्या पारंपरिक धनुष्याला दोरीच्या जागी बांबूच्या सालीची पट्टी असते. ती ताणत नाही आणि पावसानं सैल होत नाही. ती तासणं मात्र सरावाचं काम आहे, पहिल्याच धनुष्याला नको.

१०. बाणाला काड्या कुठून आणू? आकाशकंदिलाच्या चालतील?

कंदिलाच्या काड्या फार बारीक, मोडून हातात घुसतील. छत्रीच्या काड्याही नकोत. हार्डवेअरच्या दुकानातल्या गोल लाकडी दांड्या चालतात, पण रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेली बघून घ्या. रेषा मधेच बाजूला निसटली असेल तर बाण सुटताना बरोबर तिथे तिरपा चिरतो.

सगळ्यात चांगला पर्याय म्हणजे बांबूच्या भिंतीची चौकोनी पट्टी काढून गोल करणं. पट्टीचं एक टोक ड्रिल मशीनमध्ये धरा आणि दुसरीकडून खाच पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात पॉलिश पेपर दुमडून त्यातून फिरवा. फिरत्या काडीला हातमोजा घालून पकडू नका, तो गुंडाळला जातो. काडी वाकडी असेल तर पेराचा भाग मंद आचेवर गरम करून वाकवा आणि थंड होईपर्यंत धरून ठेवा. हेअर ड्रायर एवढा तापत नाही, हीट गन चालते.

प्रत्येक वेळी बाण लावण्याआधी तो दोन्ही हातांत धरून हलका वाकवा, फिरवा, परत वाकवा. बारीकसा "कट्" आवाज आला तरी तो बाण बाद. त्याचं टोक काढून घ्या आणि काडी तिथेच मोडून टाका, नाहीतर संध्याकाळी तोच परत हाती येतो.

११. सगळे बाण सारखे दिसतात, तरी एक डावीकडे जातो आणि एक उजवीकडे. का?

कारण ते सारखे वाकत नाहीत. सुटताना बाण सरळ जात नाही, मुठीला वळसा घालताना तो लवतो आणि मग सावरतो. किती लवतो हे घरी मोजता येतं. दोन स्टुलांवर दोन खिळे बरोबर २६ इंच अंतरावर ठोका, बाणाची काडी त्यांवर ठेवा आणि मधोमध दोन पाउंड, म्हणजे ९०७ ग्रॅम, वजन टांगा. तांदळाची पुरचुंडी स्वयंपाकाच्या काट्यावर तेवढी करून घ्या. काडी किती मिलिमीटर खाली आली ते डिजिटल व्हर्नियरनं मोजा आणि ६६० ला त्या आकड्यानं भागा. २२ मिलिमीटर लवली तर उत्तर ३०, म्हणजे ती काडी ३० पाउंडांच्या धनुष्याला साजेशी. मुठीला बाण जाण्यासाठी मध्यापर्यंत खाच कापलेली नसेल तर चार-पाच पाउंड मऊ काडी बरी.

उजव्या हातानं ओढणाऱ्याचा बाण फार कडक असेल तर डावीकडे जातो, फार मऊ असेल तर उजवीकडे. मोजून झालं की काडीवर आकडा लिहा आणि सारख्या आकड्यांचे बाण एकत्र ठेवा. नेम अचानक सुधारल्यासारखा वाटतो.

१२. बाण हलका केला तर लांब जाईल ना?

जाईल, आणि धनुष्य लवकर मरेल. हलका बाण सगळा जोर घेऊ शकत नाही, उरलेला भुजांमध्येच हादरतो. बिनबाणाची दोरी सोडणं हे त्याचंच टोक. ते एकदाही करू नका आणि पाहुण्यांनाही करू देऊ नका. लाकडी धनुष्याला दर पाउंडामागे दहा ग्रेन हा ठोकताळा चांगला. १५.४ ग्रेन म्हणजे एक ग्रॅम, तेव्हा ३० पाउंडांना जवळपास १९.५ ग्रॅमचा बाण. स्वयंपाकाचा काटा एक ग्रॅमच्या खाली बोलत नाही, म्हणून सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा खिशातला काटा घ्या. एका संचातल्या बाणांत एक ग्रॅमहून जास्त फरक नसावा.

१३. पिसारा कशाचा?

टर्की किंवा बदकाच्या पंखाची मोठी पिसं उत्तम. एका बाणावर तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची हवीत. कोंबडीची मऊ पडतात. पिसं नसतील तर कापडी टेप घडी घालून कापा, सरावाला छान चालतो. जुनी एक्स-रे फिल्मही लोक वापरतात, पण ती मुठीवर आपटून बाण उडवते आणि तर्जनीवर कापते.

१४. बाणाचा वेग मोबाइलनं मोजता येतो?

दोन रीतींनी. पहिली स्लो मोशन. सेकंदाला २४० फ्रेम असतील तर ३६ मीटर प्रति सेकंदाचा बाण दर फ्रेमला १५ सेंटिमीटर पुढे जातो. मागे भिंतीवर दर दहा सेंटिमीटरला रेघ असली की मोजता येतं. मात्र मोबाइल भिंतीपासून लांब आणि बाण भिंतीलगत हवा, नाहीतर तिरप्या नजरेनं अंतर चुकतं. काही मोबाइलमधलं ९६० फ्रेमचं चित्रण मधल्या फ्रेम स्वतः रचतं, ते मोजणीला निरुपयोगी.

दुसरी आवाजाची, आणि ती जास्त भरवशाची. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. दोरीचा टणत्कार आणि लक्ष्यावरचा धप्प असे दोन उंचवटे दिसतील, त्यांच्यातला वेळ वाचा. मोबाइल तुमच्याजवळ असेल तर धप्प आवाजाला परत यायला वेळ लागतो. दहा मीटरला तो ०.०२९ सेकंद, तेवढा वजा करायला हवा. त्यापेक्षा मोबाइल बरोबर मधोमध, रेषेपासून जरा बाजूला ठेवा. दोन्ही आवाजांना सारखाच उशीर होतो आणि वजाबाकी उरतच नाही.

अंतर कुठून मोजायचं यात बहुतेकांची गल्लत होते. दोरी वाजते तेव्हा बाणाचं टोक आधीच पुढे गेलेलं असतं. म्हणून बाण दोरीला लावा, ओढू नका, आणि टोकापासून लक्ष्यापर्यंत मोजा. तुमच्या पायापासून मोजलं तर दहा मीटरला पाऊण मीटरच्या आसपास चूक येते. २५ पाउंडांच्या साध्या बांबूच्या धनुष्यातून २५ ग्रॅमचा बाण ३५ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास गेला तर काम छान झालं म्हणायचं. ६० आला तर मोजणी तपासा.

१५. गच्चीवर किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये सराव करू का?

नाही. ३६ मीटर वेगाचा बाण ४५ अंशात निसटला, तर हवेचा अडथळा नसता तो १३० मीटर गेला असता. हवेनं काही कमी केलं तरी शेजारची इमारत त्याच्या आतच आहे. मागे उंच बांध किंवा उतार असलेलं, माणसांची आणि गुरांची वाट नसलेलं रान शोधा. लक्ष्यासाठी बारदानात जुन्या साड्या आणि चिंध्या पाय देऊन ठासा. मागे एक जाड सतरंजी सैल टांगा, निसटलेला बाण तिच्यात मरतो. ताणून बांधली तर आरपार जातो.

१६. धनुष्यावर लेझर, मोबाइल, कॅमेरा बसवू का?

बसवू नका. साध्या धनुष्याचा हादरा मोबाइलच्या कॅमेऱ्याला मानवत नाही, आणि लेझरचा ठिपका सरळ जातो तर बाण खाली येत जातो. लेझरचा खरा उपयोग बनवताना: सुताराची लेझर लेव्हल भिंतीवर उभी रेघ पाडते, त्या रेघेवर दोन्ही टोकं, मूठ आणि दोरी येतात का ते बघा.

१७. पावसाळ्यात धनुष्य ढिलं पडलं. बिघडलं का?

बहुतेक वेळा नाही. बांबूनं दमट हवेतलं पाणी घेतलं. जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये ताण मोजून ठेवलात (प्रश्न ६) तर फरक दिसेल. बनवून झाल्यावर जवसाचं तेल किंवा वॉर्निशचे दोन-तीन हात द्या. दोरी उतरवून आडवं, दोन खुंट्यांवर ठेवा. कोपऱ्यात उभं ठेवू नका, खालच्या भुजेला बाक येतो. उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच नको. दोरी उतरवल्यावर आधीपेक्षा दोन इंचांहून जास्त बाक राहत असेल तर ते आर्द्रतेचं नाही, पोट दबलंय.

१८. पाठीवर बारीक तंतू उचललाय. डिंक लावून वापरू?

लांबीला समांतर, केसासारखी चीर असेल तर पातळ सुपरग्लू मुरवून वर दोरा गुंडाळा, आणि पुढे ओढ दोन इंच कमी. आडवी चीर असेल तर धनुष्य भिंतीवर शोभेला. जोडकामासाठी पांढरा सुतारी गोंद वापरू नका, सततच्या ताणाखाली तो हळूहळू सरकतो. दोन भागांचा इपॉक्सी घ्या.

१९. याला परवाना लागतो का? एसटीनं, विमानानं नेता येतं?

परवान्याचं तुमच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या. एरवी जपायचं ते तीन ठिकाणी. शिकार: वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नं ती बंद आहे, ससा असो की रानडुक्कर, "नुसतं बघत होतो" हे चालत नाही. जमावबंदी: महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली आदेश निघालेले असतात, आणि त्यात शस्त्रांबरोबर अस्त्रं फेकायची साधनंही येतात. सणासुदीला, निवडणुकीच्या दिवसांत धनुष्य खांद्याला लावून गावातून फिरू नका. प्रवास: दोरी उतरवून, पिशवीत, बाणांची टोकं झाकून. विमानात केबिनमध्ये नेता येत नाही, चेक-इन सामानात द्यावं लागतं.

२०. घरच्या धनुष्यावर स्पर्धेत उतरता येईल?

आपल्याकडे इंडियन राउंड हा बांबू-लाकडाच्या धनुष्यांचा स्वतंत्र गट आहे, वरिष्ठांना ३० आणि ५० मीटर. नियम मात्र त्या वर्षीचे, तुमच्या जिल्हा संघटनेकडून घ्या. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक विजेतेपद मिळवलं ते कंपाउंड धनुष्यावर, त्या वाटेला घरचा बांबू जात नाही. इंडियन राउंडला जायचं असेल तर आधी ३० मीटरवर तुमचे सगळे बाण एका बारदानात बसतात का ते बघा. बसत नसतील तर धनुष्याला हात लावण्याआधी प्रश्न ११ कडे परत जा.